अर्धी मैफल

सलग सहा उन्हाळे मी फक्त अर्ध्या मैफली ऐकल्या. गाणं रंगात आलेलं असो वा नसो, पावणेआठ झाले की सतरंजीची घडी घालायची, चपला हातात घ्यायच्या आणि बसलेल्यांमधून वाट काढत मैदानाच्या फाटकाकडे चालू लागायचं. आई अंथरुणाला खिळलेली होती. दिवसभर तिच्याजवळ असणाऱ्या मावशी आठ वाजता निघायच्या. त्यांनाही घर होतं, त्यांची बस चुकून चालणार नव्हतं. शहरात दर उन्हाळ्यात दहा दिवस कला महोत्सव भरतो, त्यातल्या मैदानावरच्या मैफलींपैकी साडेसहा ते पावणेआठ एवढा तुकडा माझ्या वाट्याला यायचा.

त्या मैफलींना तिकीट नव्हतं. हे वाक्य मी सहज लिहून गेले, पण माझ्यापुरतं सगळं त्यातच आलं. तिकीट असतं तर मी गेलेच नसते. अर्ध्या कार्यक्रमासाठी पूर्ण तिकीट कोण काढणार? आणि काढलं तरी सभागृहात, रांगेच्या मधल्या खुर्चीतून, ऐन आलापीत उठून दहा जणांचे गुडघे ओलांडत बाहेर पडणं माझ्याच्याने झालं नसतं. जिथून पटकन निघता येणार नाही तिथे आत जायचंच नाही, असा त्या वर्षांतला माझा नियम होता. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. तान्ह्या मुलांच्या आयांनाही नाही.

मैदानाच्या मागच्या कडेला अशीच माणसं भेटायची. पुढे, मंचाजवळ, दर्दी मंडळी. त्यांच्या सतरंज्या पाच वाजल्यापासून अंथरलेल्या. मध्ये कुटुंबं, मित्रमैत्रिणींचे घोळके. आणि अगदी मागे, फाटकाच्या अंगाला, आम्ही. बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालणारी एक आई. कामावरून परतताना हेल्मेट हातात घेऊन उभ्यानेच दोन गाणी ऐकणारा तरुण. चाकाच्या खुर्चीतल्या नवऱ्याला घेऊन येणाऱ्या एक बाई, त्या खुर्चीचे ब्रेक लावून आधी त्यांचं पांघरूण सारखं करायच्या, मग स्वतः खाली बसायच्या. सहा वर्षांत आम्ही एकमेकांची नावं विचारली नाहीत. पण मी उठले की त्या बाई मान हलवायच्या आणि माझी जागा त्यांच्या सतरंजीत सामावून घ्यायच्या. त्या मान हलवण्यात ‘जा, उरलेलं मी ऐकते’ असं काहीतरी असायचं.

‘फुकट’ हा शब्द मला या मैफलींसाठी वापरवत नाही. आपल्या भाषेत त्या शब्दाला एक हिणकस वास आहे. फुकट गेलं म्हणजे वाया गेलं. फुकटचं म्हणजे लायकी नसताना मिळालेलं. ‘विनामूल्य’ फलकावर बरा दिसतो, बोलण्यात येत नाही. मी आपली ‘खुली मैफल’ म्हणते. खुलेपणा नुसता आकाशाचा नसतो, फाटकाचाही असतो, आणि आत येण्याइतकाच बाहेर जाण्याचाही असतो. तिकीट काढलं की मनात एक हिशेब चालू होतो. एवढे पैसे दिले, आता वसूल झाले पाहिजेत, आवडलं नाही तरी शेवटपर्यंत बसलं पाहिजे. मैदानावर तो हिशेबच नाही. त्यामुळे मी तिथे असं असं ऐकलं, की ज्याच्यासाठी मी आयुष्यात कधी खिडकीसमोर रांगेत उभी राहिले नसते. चार तंतुवाद्यांची चौकडी, पितळी वाद्यांचा बँड, नुसत्या तालवाद्यांचा तासभराचा कार्यक्रम, ज्यांची भाषा मला एक अक्षर कळत नाही अशा गाणाऱ्या बाया. काही आवडलं नाही तर दहा मिनिटांत उठून मी चित्रांच्या मांडवात जायचे. मात्र जिथे बसून राहिले तिथे माझ्या मर्जीने बसून राहिले, पैसे दिलेत म्हणून नाही.

अर्थात, ऐकणाऱ्याला मोफत म्हणजे कुणालाच खर्च नाही असं नसतं. शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये १९३५ साली मोफत मैफली सुरू झाल्या, त्यामागे तिथल्या वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो होते. तो महामंदीचा काळ. त्यातच बोलपट आल्यामुळे मूकपटांना साथ करणारे वादक चित्रपटगृहांतून घरी बसलेले. पेट्रिलोंनी दोन गोष्टी एकत्र बांधल्या: लोकांना पैसे न देता गाणं ऐकायला मिळावं आणि वादकांना वाजवण्याचे पैसे मिळावेत. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल की’ असं म्हणून कलाकाराला मोफत बोलावणारे आयोजक मी पाहिलेत. ते खुल्या मैफलीच्या नावाला बट्टा लावतात. फाटकाशी ठेवलेल्या पेटीत मी दर वर्षी पैसे टाकत आले ते म्हणूनच. किती टाकायचे ते माझं मी ठरवते आणि कुणी पाहत नाही.

फ्रान्समध्ये १९८२च्या २१ जूनला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, संगीताचा सण सुरू झाला. सांस्कृतिक मंत्री जॅक लँग आणि संगीत विभागाचे संचालक मॉरिस फ्ल्यूरे यांची ती कल्पना. घराघरांत इतकी माणसं कुठलं ना कुठलं वाद्य वाजवतात, ती बाहेर का येत नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. त्या दिवशी हौशी-व्यावसायिक सगळ्यांनी रस्त्यावर येऊन वाजवायचं आणि कुणीही ऐकायचं. आता जगभरातल्या कितीतरी शहरांत तो साजरा होतो. आणि संख्येचंच बोलायचं तर ५ जुलै १९८६ची न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली मैफल आहेच. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद वाजवत होता, संचालन करत होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता, आणि समोर बसलेल्या लोकांचा अंदाज होता सुमारे ८ लाख. या आकड्यापुढे मला नेहमी एकच प्रश्न पडतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू कसं गेलं असेल?

हा प्रश्न मला पडायचं कारण दुपारचं आहे. एका वर्षी मला दुपारी तास-दीड तास मोकळा मिळाला आणि चित्रं पाहायला म्हणून मी तीनलाच मैदानावर गेले. ऊन रणरणत होतं. मैदान रिकामं, मंचावर साउंडची मुलं, आणि एक जण ड्रमवर एकच ठोका पुन्हा पुन्हा देत होता. धप्प. धप्प. धप्प. दहा मिनिटं नुसतं तेवढंच. मी फाटकाशी झाडाखाली उभी होते. पाहता पाहता लक्षात आलं, की त्याचा पाय पेडलवर पडतो, मग जरासा वेळ जातो, मग आवाज येतो. डोळ्यांना आधी दिसतं, कानांना नंतर कळतं. विजेच्या गडगडाटाचं शाळेत शिकले होते, पण वादकाचा पाय आणि त्याचा ठोका अशी ताटातूट पहिल्यांदाच पाहिली.

साउंडच्या टोळीतला एक मुलगा मैदानभर चालत होता. दर वीस-तीस पावलांवर थांबायचा, टाळी वाजवायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि हातातल्या टॅबवर काहीतरी हलवायचा. माझ्यापाशी आला तेव्हा मी विचारलंच. तो खुशीने सांगायला लागला. उन्हाळ्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे मंचापासून ७० मीटरवर बसलेल्याला सूर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा पोचतो. मागच्यांसाठी मैदानाच्या मध्यावर खांब रोवून त्यांवर स्पीकर लावतात, पण तारेतून वीज तर क्षणात येते. तो स्पीकर तसाच वाजू दिला तर मागच्या माणसाला एकच सूर दोनदा ऐकू येईल, आधी खांबाचा, मग मंचाचा. म्हणून खांबावरचा स्पीकर मुद्दाम थांबवून ठेवतात. मंचावरून निघालेला आवाज खांबापाशी येईपर्यंत त्याने गप्प राहायचं, तो आला की त्याच्या बरोबरीने बोलायचं. “आणि मी त्याच्यावर आणखी पंधरा-वीस मिलिसेकंद टाकतो, काकू,” तो म्हणाला. “मग कानाला वाटतं सगळं मंचावरूनच येतंय. खांब आहे हे कळतच नाही.”

पुढे वाचताना कळलं, की कानाच्या या सवयीवर हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली प्रबंध लिहिला होता. जो आवाज आधी पोचतो, त्याच्याच दिशेवर कान विश्वास ठेवतो, नंतरचा मोठा असला तरी. शिकागोच्या त्या मैफली २००४पासून ज्या मंडपात होतात, तिथे वास्तुकार फ्रँक गेरींनी हिरवळीवर पोलादी नळ्यांची जाळी छतासारखी उभारली आहे आणि स्पीकर त्या जाळीला टांगले आहेत. हिरवळीवर बसलेल्यांच्या नजरेच्या आड खांब येत नाहीत. हे सगळं मागच्या माणसांसाठी. मागे बसणाऱ्यांसाठी कुणी इतका विचार करतं, एक मुलगा भर उन्हात टाळ्या वाजवत फिरतो, हे पाहिल्यापासून मी माझी मागची जागा कधी कमी प्रतीची मानली नाही.

उघड्यावर वाजवणाऱ्यांची कसोटी आणखी वेगळी. उन्हाने तार तापते, लांबते, सूर उतरतो. उलट फुंकून वाजवायच्या वाद्यातली हवा तापली की सूर चढतो. म्हणजे व्हायोलिनवाले खाली चाललेत आणि बासरीवाले वर, आणि दोघांनी एकत्र वाजवायचंय. ज्यांच्याकडे जुनी, मौल्यवान वाद्यं असतात ते बहुधा ती घरी ठेवून दुसरं वाद्य आणतात. तबल्याच्या चामड्याला दमट हवा लागली की तो उतरतो. तबलजींची हातोडी त्या दिवशी हातातून खाली जात नाही.

एका संध्याकाळी वारा सुटला होता. त्या दिवशी गर्दी कमी म्हणून मी पुढे जाऊन बसले होते. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीसमोरच्या स्टँडवर स्वरलिपीची पानं कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेली होती. चार चिमटे, दोन निळे, दोन पिवळे. पान संपत आलं की ती शेवटच्या सुराचा गज एका हाताने लांबवत ठेवायची. शेजारचा वादक तेवढ्यात एक चिमटा काढून पान उलटायचा, चिमटा दातांत धरायचा, पान सपाट करायचा आणि चिमटा परत लावायचा. एकदा चिमटा निसटला. पान उडालं, मंचाच्या कडेला येऊन थरथरत राहिलं. पहिल्या रांगेतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा उठला, त्याने पान उचललं आणि दोन्ही हातांनी, देवाची वस्तू धरावी तसं, वर धरून उभा राहिला. ती मुलगी त्याच्या हातातल्या पानाकडे पाहत पुढचं वाजवत गेली. पान संपेपर्यंत तो हलला नाही. त्याचे कोपर थरथरत होते. वाजवणारी आणि ऐकणारा यांच्यात तेव्हा जे काही होतं, ते मला कुठल्याही सभागृहात दिसलेलं नाही.

आणि वेळ. सभागृहात वेळ नसते, दिवे असतात. एकदा एका गायकांनी मैदानावर मारवा घेतला. मारवा सूर्यास्ताचा राग हे मी कित्येकदा ऐकलं-वाचलं होतं, पण बंद दारांआड, वातानुकूलित थंडाव्यात ऐकलेला मारवा मला नेहमी नुसता अवघड वाटायचा. षड्जावर, म्हणजे मुख्य ‘सा’वर, यायला टाळाटाळ करणारा, अंगणाशी येऊन घरात न शिरणारा. त्या दिवशी समोर खरंच उन्हं कलत होती. कोमल रिषभावर ते थांबले तेव्हा झाडांचे शेंडे तेवढे उजळ होते आणि खाली आमच्यावर सावली आलेली. पक्षी परतत होते, त्यांचा कलकलाट तानपुऱ्यात मिसळत होता. दूर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला आणि गायक एक श्वासभर थांबले, तो जाऊ दिला, मग पुन्हा रिषभ. माझ्या पोटात कालवलं. दिवस संपतोय आणि मी अजून घरी पोचलेले नाही, हेच तर ते म्हणत होते. तेव्हा सव्वासात वाजले होते. विलंबित ख्याल, म्हणजे संथ भाग, माझ्या वाट्याला आला. जलद लयीतला द्रुत सुरू व्हायच्या आत मी उठले.

द्रुत मी जवळजवळ ऐकलाच नाही त्या वर्षांत. मध्यंतरानंतरचं काहीच नाही. भैरवी तर नाहीच.

पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. आमचं घर मैदानापासून सरळ रेषेत आठ-नऊशे मीटरवर असेल, मध्ये बैठी वस्ती. सातच्या सुमारास, मी निघायच्या आधी, मावशींना फोन केला तर त्या म्हणायच्या, “नाही बाई, काही ऐकू येत नाही इथं.” आणि मी साडेआठला आईचं अंग पुसून खिडकी उघडली, की मैदान घरात यायचं. पहिल्यांदा वाटलं, रात्री त्यांनी आवाज वाढवला असेल. मग त्या साउंडच्या मुलाने पुढच्या वर्षी कारण सांगितलं. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा गरम, वरची गार. गरम हवेत आवाज अधिक जलद धावतो. त्यामुळे लहरीचा खालचा भाग पुढे निघतो आणि सबंध लहर वर वळते, लोकांच्या डोक्यांवरून निघून जाते. सूर्य गेला की जमीन झपाट्याने निवते, खालची हवा गार होते, आणि तेच सगळं उलटं होतं. आवाज खाली वाकतो, घरंदारं ओलांडून लांब उतरतो. “म्हणून तर रात्री आसपासच्या लोकांच्या तक्रारी येतात,” तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, आमच्या खिडकीची तक्रार नाही.

तेव्हापासून आईचा पलंग आम्ही खिडकीशी हलवला. गाण्याचे शब्द यायचे नाहीत. एवढ्या अंतरात बारीक, वरचे आवाज हवेतच विरतात, उरतात ते खालचे. तबल्यातला डग्गा तेवढा पोचायचा, ऑर्केस्ट्रातली मोठी तंतुवाद्यं, ढोल. खिडकीत आलेली प्रत्येक थाप अडीच सेकंद जुनी असायची. मैदानावरचे लोक तेव्हा पुढच्या मात्रांवर गेलेले असायचे. आईचं बोलणं शेवटच्या दोन वर्षांत थांबलं होतं. पण चादरीवर उजव्या हाताची पहिली दोन बोटं हलायची. मी निरखून पाहिलं, ती डग्ग्याबरोबर हलत नव्हती, जराशी आधी हलत होती. पुढची थाप कुठे पडणार हे तिला माहीत असायचं. मी तिला पहिल्या अर्ध्यात काय झालं ते सांगायचे. आज कोण होतं, कुठल्या रंगाची साडी होती, चिमट्याचं पान कसं उडालं. आणि दुसरा अर्धा आम्ही दोघी ऐकायचो, नुसत्या ठोक्यांचा.

महोत्सवाबद्दल मनात एक सल आहे, तोही सांगते. मंचासमोरची सगळ्यांत चांगली जागा दर वर्षी दोरीने बंद केलेली असते. तिथे पांढऱ्या आवरणांचे सोफे, निमंत्रितांसाठी. बहुतेक संध्याकाळी ते अर्धेअधिक रिकामे राहतात. चाकाच्या खुर्चीवाल्या बाईंना एका स्वयंसेवकाने त्या दोरीपासून मागे पाठवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मुलगा नवा होता, त्याला तसं सांगितलं होतं, त्याला काय बोलणार. मी आयोजकांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. फाटक सगळ्यांना उघडं आणि आत गेल्यावर दोरी, हे मला पटत नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी रिकाम्या जागा सोडून द्या, एवढंच माझं मागणं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिणार आहे.

आई गेल्या पावसाळ्याआधी गेली.

यंदाचा महोत्सव आला तेव्हा जावं की नाही हेच कळेना. पहिल्या दिवशी गेले. पावणेआठला पायांनी आपोआप उठायची तयारी केली, सतरंजीचं एक टोक हातात आलंसुद्धा. बाई शेजारीच होत्या. त्यांनी मान हलवली, नेहमीसारखी. मी म्हटलं, “आज थांबते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त पायावर घ्यायला पांघरुणाचा कोपरा माझ्याकडे सरकवला.

मग मी शेवटपर्यंत ऐकलं. मध्यंतरानंतर हवा गार होते हे मला मैदानावर बसून माहीतच नव्हतं. गायकाचा आवाज रात्री मोकळा होतो, सकाळपासून साठवलेलं काहीतरी सैल सुटल्यासारखा. द्रुत ऐकला. भैरवी ऐकली. लोक उठले, धूळ उडाली, आणि मी बसून राहिले, कारण मैफल संपल्यावर काय होतं तेही मी कधी पाहिलेलं नव्हतं. साउंडची मुलं केबल गुंडाळत होती, एक वेटोळं सुलट, एक उलट, म्हणजे उद्या सोडताना पीळ पडत नाही. माझ्या ओळखीचा मुलगा, आता दाढी आलेला, लांबून म्हणाला, “काकू, आज शेवटपर्यंत?” मी हात वर केला.

आठ संध्याकाळी मी पूर्ण मैफली ऐकल्या. नवव्या दिवशी फक्त तालवाद्यं होती. पावणेआठला मी उठले, घडी घातली, बाईंकडे पाहून मान हलवली. घरी आले. पलंग अजून खिडकीशीच आहे. दिवा न लावता मी त्याच्या कडेवर बसले आणि खिडकी पूर्ण उघडली. आधी काहीच नव्हतं, वारा उलटा असावा. मग पडदा जरा आत आला आणि त्याच्याबरोबर डग्गा.